अभ्यासाचा वेळ कोणाचा?



कॉलेज सुरू झालं की आपल्या बालाघाटच्या बहुतेक घरांत एकच वाद ऐकू येतो. आई-बाबा म्हणतात, पोरगं अभ्यासच करत नाही. पोरगं म्हणतं, वेळच मिळत नाही. टाइमटेबल भिंतीवर लागतं आणि चार दिवसांत विसरलं जातं. या वादाच्या मुळाशी एक प्रश्न आहे, त्यावर आज थोडं बोलू या. घरात राहणाऱ्या मुलाचा वेळ कोणाचा? त्याचा, की घराचा?

उत्तर सोपं नाही. धानाची रोवणी लागली की घरातला प्रत्येक हात लागतो. ज्या चिखलातून कॉलेजची फी निघते, त्या चिखलात राबणाऱ्या बापाला "माझा वेळ माझा" असं सांगणं शोभत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. मुलगा पुस्तक घेऊन बसला की, "बेटा, किराणा घेऊन ये", "मामाजी आले, जरा बस त्यांच्याजवळ", "टीव्हीचा रिचार्ज करून दे". प्रत्येक काम दहा मिनिटांचंच असतं. पण मन पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी मोजत नाही.

आपण एक गोष्ट लक्षात घेऊ. आजी पोथी वाचायला बसली की घर आपोआप हळू बोलतं. सद्गुरूंनी दिलेला जप चालू असताना आपण कोणाला उठवत नाही. फोन आला तरी सांगतो, नंतर करा. मग हाच मान मुलांच्या अभ्यासाला काहून नाही? विद्येला आपण सरस्वती म्हणतो, वसंत पंचमीला पुस्तकाची पूजा करतो. पूजा झाली की वाचणाऱ्याला मात्र दळणाला पाठवतो!

कोणी म्हणेल, पुंडलिकाने तर आई-वडिलांच्या सेवेसाठी देवालाही थांबवलं, मग पोरांनी आई-वडिलांना थांबवायचं का? शंका योग्य आहे. आजोबांना औषध हवं असेल, आईला ताप असेल, तर पुस्तक मिटून तिथल्या तिथे उठायलाच हवं. पण पुंडलिकाच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. त्याने हातातलं काम अर्धवट टाकलं नाही, आणि विठ्ठल विटेवर उभा राहिला. देवाला थांबता येतं, तर साखरेला तासभर थांबता येणार नाही का? प्रत्येक हाक म्हणजे सेवा नसते. काही हाका नुसत्या सवयीच्या असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं विद्यार्थीदशेतलं घर आठवा. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच सगळ्यांचं झोपणं. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. घरात जागा नव्हती, पैसा नव्हता. म्हणून बापाने आपल्या झोपेतून मुलासाठी शांत वेळ काढला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१३ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले. त्यांची जिद्द आपण सगळे सांगतो. रामजींचं जागरण मात्र सांगायचं राहून जातं.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्या घरांत मुलाला थोडा तरी वेळ मिळतो, मुलीचा वेळ मात्र सगळ्यांचा असतो. भाऊ बी.एस्सी.ला, बहीणही बी.एस्सी.ला, पण पोळ्या तिच्याच वाट्याला. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या, तेव्हा पती न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवायचे, आणि घरातल्या बायकांना ते खपायचं नाही. टोमणे ऐकत त्या शिकल्या. दीडशे वर्षं झाली. आज टोमणे कमी झाले असतील, कामाची वाटणी बदलली का? ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं.

विद्यार्थ्यांनो, आता तुमची बाजू. घराने थांबून दिलेला तास मोबाइलवर रील बघण्यात गेला, तर तो वेळ आईच्या पदरचा गेला. म्हणून त्या तासात फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. धडा वाचला की पुस्तक मिटा आणि आठवून सांगा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००६ साली हेच तपासून पाहिलं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, वाचून मग आठवून लिहिणारे पुढे निघाले. आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितलं आहे, ते उगीच नाही. आजीलाच ऐकवा. तिला रसायनशास्त्र कळलं नाही तरी चालेल, तुम्ही कुठे अडखळता ते तिला बरोबर कळेल. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यापेक्षा रोज थोडं करा. नित्यनेम असाच असतो.

मग वेळ कोणाचा? आम्हाला वाटतं, तो एकट्या मुलाचाही नाही आणि नुसता घराचाही नाही. तो घराने ठेवलेली ठेव आहे. ठेवणाऱ्याने मधूनच काढू नये, आणि ज्याच्या हाती दिली त्याने उडवू नये.

या आठवड्याचा संकल्प: रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून अभ्यासाचा एक तास ठरवावा, मुलामुलींना सारखा. त्या तासात टीव्ही बंद, हाक बंद. रोवणीच्या दिवसांत तास पहाटेचा ठेवा, पण मोडू नका. आणि त्या वेळात मोठ्यांनीही आपला जप किंवा वाचन करावं. घर सोबत बसलं की पोरांना एकटं वाटत नाही.

सद्गुरूंच्या चरणी सर्व विद्यार्थ्यांसाठी प्रार्थना.