त्रोवसाचा मुक्काम

(प्रेषितांची कृत्ये १६:६-१५)



पावसाळा सरत आला म्हणजे आमच्या भागात ऊसतोडीचे मुकादम गावोगावी फिरू लागतात. नवराबायकोची जोडी ठरवावी, जिला त्या व्यवहारात एक कोयता असे म्हणतात, उचल हातावर ठेवावी, आणि दसरादिवाळीनंतर बिऱ्हाडासकट तिला कारखान्याच्या शिवारात न्यावे, असा हा क्रम. मागे एकदा ह्याच दिवसांत आमच्या मंडळीतील एक गृहस्थ दिवेलागणीस आमच्याकडे आले व म्हणाले, "पाळकसाहेब, परवा मुकादम येणार. जावे की राहावे, उमजत नाही. आपण प्रार्थना करून शास्त्र उघडावे व डोळे मिटून बोट ठेवावे. जे वचन निघेल तसे मी करीन."

ह्यांचे वडील ख्रिस्ती होण्यापूर्वी असेच प्रश्न घेऊन ग्रामदैवतापुढे कौल लावीत असत. ओल्या मूर्तीस कळ्या चिकटवावयाच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलाने देऊळ सोडिले, परंतु कौल काही सोडिला नव्हता. तो त्याने शास्त्राच्या पानांत आणून ठेविला होता. आम्ही त्यांस हसलो नाही. हसण्याचा आम्हांस अधिकारच नव्हता. सेमिनरीतून बाहेर पडतेवेळी आम्हांस दोन ठिकाणांहून बोलावणे आले, तेव्हा आम्ही गुडघे टेकून दोन चिठ्ठ्या टाकिल्या होत्या. पहिली निघाली ती मनास रुचली नाही, म्हणून पुन्हा टाकिल्या. तिसऱ्या खेपेस हवी ती निघाली, तेव्हा आम्ही मोठ्या भक्तिभावाने देवाचे उपकार मानिले! देवास विचारणे आणि आपल्या इच्छेवर देवाची सही मागणे, ह्यांतील अंतर आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

कोणी म्हणेल, प्रेषितांनीही मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकिल्याच की. होय, टाकिल्या; पण ते पवित्र आत्मा उतरण्यापूर्वी. पेन्टेकॉस्टनंतर त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकिल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत कोठेही लिहिलेले नाही. गिदोनाच्या लोकरीचेही तसेच. देवाने त्यास काय करावयाचे ते आधीच सांगितले होते. लोकर त्याने आपल्या भित्र्या मनासाठी अंथरली, व कृपाळू देवाने ते सोसून घेतले.

मग मार्ग कळावा कसा? पौल, सीला व तीमथ्य ह्यांच्याबरोबर थोडे चालून पाहू. फ्रुगिया व गलतिया ओलांडून ते आशिया प्रांतात वचन सांगणार, तो पवित्र आत्म्याने मनाई केली. मग ते उत्तरेस बिथुनियाकडे वळले. तेथेही आत्म्याने जाऊ दिले नाही. ही मनाई कशी झाली, आजार आला, की वाट अडली, की अंतःकरणात खूण पटली, ह्याविषयी लूक एक शब्दही लिहीत नाही. एवढे मात्र दिसते की दोन दारे बंद झाली तरी ही माणसे रस्त्यात बसून राहिली नाहीत, व परतलीही नाहीत. जी वाट उरली तिने चालत चालत ती त्रोवसास पोहोचली. तेथे जमीन संपते, पुढे समुद्र. बंधूंनो, आपणांपैकी कितीजण आज त्रोवसास बसले आहेत! मागची दारे लागलेली, व पुढे नुसते पाणी.

तेथे रात्री पौलाने दृष्टांतात एक मासेदोनियाचा मनुष्य साहाय्यासाठी विनवीत असलेला पाहिला. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढच्याच वचनाकडे आपण लक्ष देत नाही. दृष्टांत एकट्या पौलास झाला. पण देवाने बोलाविले आहे असे जे ठरविले, ते "आम्ही" ठरविले, असे लूक लिहितो. ह्या पुस्तकाच्या कथेत लूक स्वतःस धरून "आम्ही" म्हणतो तो प्रथम येथेच. आणि "ठरविले" ह्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ निरनिराळ्या गोष्टी एकत्र जुळविणे असा आहे. आशियाची मनाई, बिथुनियाची मनाई, रात्रीचा दृष्टांत, हे सर्व त्यांनी एकमेकांपुढे ठेविले, जुळवून पाहिले, व मग गलबत शोधिले. प्रेषितासही आपला दृष्टांत सोबत्यांपुढे मांडावा लागला!

म्हणून त्या सायंकाळी आम्ही शास्त्र मिटलेलेच ठेविले व गृहस्थांस विचारिले, "घरी विचारिले काय?" ते म्हणाले, "तिला काय विचारायचे, ती येणारच." आम्ही त्यांच्या पत्नीस बोलाविले, व मंडळीच्या उपदेशकांसही. प्रार्थना झाल्यावर बाई पुष्कळ वेळ पदराशी चाळा करीत बसल्या, मग म्हणाल्या, "मागच्या उचलीची बाकी फिटली नाही. ती फेडायला मी जाईन. पण नवी उचल घेऊ नका. आणि पोरीची शाळा मोडू नका." मुलगी सातवीत होती. बाकी किती, हे नवऱ्यास नीट सांगता येईना. मुकादम सांगेल ती. तेव्हा उपदेशकांनी वही काढिली. ते दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे स्वतः गेले, व दोन साक्षीदारांसमोर हिशेब लिहवून घेतला. बाकी मुकादम म्हणत होता त्याहून बरीच कमी निघाली. (उपदेशक बंधूंनो, तुमच्या वहीचा हा उपयोग कोणत्याही सेमिनरीत शिकवीत नाहीत.)

राहिली मुलगी. त्या रविवारी उपासनेनंतर आम्ही ही गोष्ट मंडळीपुढे ठेविली. बराच वेळ कोणी बोलेना. आमच्या मनात थोडा रागही आला, हे लपवीत नाही. शेवटी मागच्या ओळीतून एक विधवा बाई उठून म्हणाल्या, "पोर माझ्यापाशी राहील. दाणे मात्र तुम्ही द्या." आम्ही आकाशातून वाणी होण्याची वाट पाहत होतो, ती गोधडीवर बसलेल्या म्हातारीच्या मुखातून झाली. आणि खरे बोलावयाचे तर, दाण्यांची आठवण तिने केली म्हणूनच आम्हांस झाली.

देवाने दाखविलेली वाट सुखाचीच असते असे मात्र कोणी समजू नये. पौलास दिसला होता पुरुष. फिलिप्पैस नदीकाठी भेटल्या त्या स्त्रिया. त्यांतील लुदिया ही जांभळी वस्त्रे विकणारी थुवतीरा नगराची, म्हणजे ज्या आशिया प्रांताचे दार बंद झाले होते, तेथलीच. पुढे त्याच गावी पौल व सीला ह्यांनी फटके खाल्ले, व त्यांचे पाय खोड्यांत अडकले. तेव्हा आपण वाट चुकलो, असे ते म्हणाले नाहीत.

ते कुटुंब पाडव्याच्या सुमारास परत आले. बाकी फिटली होती. गृहस्थांच्या पायास कोयता लागून जखम चिघळली होती, व त्या वर्षी पेरणीस ते उभे राहू शकले नाहीत. मुलगी आठवीत गेली. एके दिवशी ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "पाळकसाहेब, न जातो तर पाय वाचला असता का?" आम्ही उत्तर दिले नाही. त्यांच्या पायाची पट्टी सुटली होती, ती बांधून दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली.