काळाचे पहारेकरी

सरकारी नोकरांच्या नाना जाती मी पाहिल्या आहेत. पण काळाचा बंदोबस्त ठेवणारा नोकर मला भेटला तो ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत. १९६६ साली सुरू झालेली ही मालिका नवनवी नावे घेत पुढच्या पिढ्यांपर्यंत आली. तिच्या १९९६ मधल्या एका भागात दोन रुक्ष अधिकारी येतात. कोणी भूतकाळात शिरून काही फेरफार तर केला नाही ना, याची चौकशी करणे हे त्यांचे काम. घडले ते घडल्याप्रमाणे राहिले पाहिजे, हा त्यांचा धर्म.

या धर्माची किंमत त्याच मालिकेने एप्रिल १९६७ मध्ये दाखवून ठेवली होती. डॉक्टर मॅकॉय १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोहोचतो आणि गोरगरिबांना जेवू घालणाऱ्या एडिथ कीलर या बाईला अपघातातून वाचवतो. पण ती जगली, तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार! म्हणून तिच्यावर प्रेम करणारा कप्तान कर्कच शेवटी डॉक्टरला घट्ट धरून ठेवतो आणि तिला मरू देतो.

त्याच वर्षी, ११ डिसेंबरच्या पहाटे, सातारा जिल्ह्यात कोयनेचे खोरे हादरले. सुमारे १८० माणसे गेली. पाटण तालुक्यातल्या आमच्या घराची भिंत कोसळली आणि तिच्याखाली माझी तीन वर्षांची बहीण गेली. वडिलांना मग तिथे राहवेना. ते सांगलीला आले, आणि तीन वर्षांनी माझा जन्म झाला.

समजा, त्या पहाटे चार वाजता आमची कडी वाजवण्याची परवानगी मला मिळाली, तर? बहीण वाचेल. पण मग वडील गाव सोडणार नाहीत, पुढचे दिवस निराळे उजाडतील आणि मी बहुधा जन्मालाच येणार नाही. म्हणजे माझे आयुष्य एका पडलेल्या भिंतीवर उभे आहे! मग ती पडायला नको होती, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणखी मागे जावे, तर गुंता वाढतोच. या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणात साठलेल्या पाण्याशी जोडतात. मग धरणच होऊ देऊ नये काय? पण त्याच कोयनेच्या विजेवर घराघरांत दिवे लागले, गिरण्या चालल्या. परिणामांचा हिशेब मांडायला बसलेल्या माणसाची वही कधी मिटत नाही. नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन पोहोचतात, पण ते जग नुसते पाहून परत येतात. त्यांचे मला कधी कधी शहाणपणच वाटते.

मात्र या शहाणपणात एक फसगत आहे. एखाद्या संकटातून पुढे काही चांगले निपजले, म्हणून ते संकट चांगले ठरत नाही. मी जगलो याचा मला आनंद आहे. त्याबद्दल भिंतीचे आभार मानण्याचे कारण नाही. आणि काळाच्या पहारेकऱ्याला हात आवरण्याचा अधिकार असलाच, तर तो पुढचे ठाऊक असल्यामुळे. आपल्याला पुढचे काय ठाऊक असते? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली, तेव्हा होड्या घेऊन निघालेल्यांनी, या माणसाला वाचवल्याने इतिहासाचे काय होईल, असे विचारले नाही. विचारले असते, तर आपण त्यांना शहाणे म्हटले नसते. डॉक्टर मॅकॉयने त्याला जेवढे दिसत होते तेवढ्यावरून बरोबरच केले होते. आपण सगळे त्याच्याच जागी उभे आहोत. कर्कच्या जागी कोणीच नाही.

आईच्या म्हातारपणी मी एकदा तिला हा प्रश्न विचारला होता. तिला वाचवावे, तर मी नसेन. मग काय करू? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आरं, आधी तिला भायेर काढ. तू काय, कुठूनबी आला असतास.”

तिचा तर्क चुकीचा आहे, हे मला कळते. पण मला वाईट वाटले नाही. मी सूप पुढे ओढले आणि तिच्याबरोबर खडे वेचू लागलो.