कार्यकर्त्याचे मानधन कोण देणार?

समाजकार्याला पैसा मिळत नाही, ही तक्रार आता पूर्णपणे खरी राहिलेली नाही. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान 2 टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करावा, ही कंपनी कायद्यातली तरतूद 2014 पासून लागू आहे. तेव्हापासून दप्तरे, सायकली, सौरदिवे, डिजिटल वर्ग यांसाठी निधी येतो आहे. पण त्या डिजिटल वर्गात रोज संध्याकाळी मुलांना घेऊन बसणाऱ्या ताईचे मानधन बहुतेक वेळा कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. प्रकल्प मार्चमध्ये संपतो आणि एप्रिलपासून ताई दुसरे काम शोधू लागते. तालुक्याच्या गावातल्या लहान संस्था मोडतात त्या इथे.

याच कायद्यात कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. कारखान्याच्या आसपासच्या गावांचा तो हक्कच आहे. मात्र ज्या तालुक्यात कारखाना नाही, तिथे रोजगारही नाही आणि हा निधीही सहसा पोहोचत नाही.

कागदपत्रांचे ओझे हा दुसरा भाग. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे चेंज रिपोर्ट द्यायचा आणि तो मंजूर होण्याची वाट पाहायची. देणगीवरच्या 80जी करसवलतीसाठी देणगीदारांचा तपशील दरवर्षी आयकर खात्याला ऑनलाइन कळवायचा. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. हिशेब चोख हवा याबद्दल दुमत नाही, सेवेच्या नावाखाली लूट करणाऱ्या संस्थाही आपण पाहिल्या आहेत. पण पाच कोटी उलाढालीच्या संस्थेत हे काम लेखाविभाग करतो, पाच लाखांच्या संस्थेत तीच ताई रात्री जागून करते. त्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीने अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून खेड्यातल्या छोट्या संस्थेपर्यंत जाणारी एक वाट तिथे बंद झाली.

तरीही दोष सगळा सरकारवर आणि कंपन्यांवर टाकता येत नाही. ‘माझा प्रत्येक रुपया थेट गरजूपर्यंत गेला पाहिजे’ असे आपण देणगीदारही म्हणतो. सेवा करणाऱ्याने पैसे घ्यावेत हेच आपल्याला खटकते. या त्यागाच्या कौतुकाने मोठे नुकसान केले आहे. बिनपगारी काम त्यालाच परवडते, ज्याच्या घरात दुसरे कोणी कमावते. भूमिहीन घरातली मुलगी, पाड्यावरचा शिकलेला तरुण, एकटी बाई – ज्यांना प्रश्न आतून ठाऊक आहे, तीच माणसे या अपेक्षेमुळे बाहेर राहतात.

काम लोकांच्या छोट्या वाट्यावर टिकते आणि कार्यकर्त्यालाही मानधन लागते, हे महाराष्ट्राला पूर्वीच उमगले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंडाची वाट धरली. घरातली बाई दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढी आणि त्यावर वसतिगृहातली मुले जेवत. देणाऱ्याची ऐपत मुठीएवढी असली, तरी संस्था आपली आहे ही भावना त्या घरांत रुजली. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी नामवंत कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. मला या निधीचे मोल वाटते ते त्याच्या हेतूसाठी. तो इमारतीसाठी जमवला नव्हता. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्यासाठी होता. नावातही दान किंवा उपकार नाही, कृतज्ञता आहे.

आजही आशेला जागा आहे. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात गणेशोत्सवात संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक धनादेश पाठवतात. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन भरते. लोक तिथे कार्यकर्त्यांशी समोरासमोर बोलतात, पूर्वजांच्या स्मरणार्थ देणगी देतात. म्हणजे द्यायची इच्छा आहे. उणीव सातत्याची आहे. एकदाच आलेल्या दोन लाखांत खोली बांधता येते, पण एखाद्या माणसाला ‘पुढची तीन वर्षे तू हेच काम कर’ असे सांगता येत नाही. 200 घरांनी महिन्याला 100 रुपये दिले तर 20,000 रुपये होतात. एका कार्यकर्तीचे मानधन त्यातून निघते, आणि ही रक्कम आता मोबाइलवरून आपोआप वळती करता येते. शिवाय 200 घरे वर्गणी देतात तेव्हा 200 घरे हिशेबही विचारतात. एवढी जवळची देखरेख कुठल्याही कार्यालयाला जमणार नाही.

तुमच्या गावात, वॉर्डात अशी एखादी संस्था असेलच. यंदा तिथे वाढदिवसाच्या वह्या-पेन्सिली घेऊन जाण्याआधी तिथल्या कार्यकर्तीला महिन्याला किती मिळतात, ते विचारा. मग पावतीवर ‘मानधनासाठी’ असे लिहून दरमहा झेपेल तेवढी रक्कम द्या, आणि निदान तीन वर्षे ती थांबवू नका.