पाहुणा आणि पाहणारा

दुसऱ्याच्या गावी आपण नेमके कोणत्या नात्याने जातो, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. लग्नकार्याला गेलो तर आप्त म्हणून, देवदर्शनाला गेलो तर यात्रेकरू म्हणून, आजारपणात समाचाराला गेलो तर स्नेही म्हणून आपण जातो. यांपैकी प्रत्येक नात्याबरोबर काही हक्क येतात, तशी काही बंधनेही येतात. परंतु जो केवळ पाहण्यासाठी जातो, सकाळी जाऊन संध्याकाळी परततो, त्याचे त्या गावाशी नाते कोणते? तिकिटाचे पैसे मोजले की तो सर्व बंधनांतून मोकळा होतो काय? एका दिवसाच्या जलप्रवासाने हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला आणि घरी परतल्यावरही तो आमची पाठ सोडीना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही चिमूरची माणसे. आमच्या मुलखात पाणी म्हणजे तलाव, बोडी आणि पावसाळ्यात फुगणारी उमा नदी. समुद्र आम्ही पुस्तकात वाचलेला. गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आम्ही पाच जण मुंबईला गेलो असता एक दिवस मोकळा मिळाला आणि घारापुरीचे बेट पाहून येण्याचे ठरले. आमच्यात एक वयोवृद्ध निवृत्त गुरुजी होते. आयुष्यभर त्यांनी मुलांना या लेण्यांविषयी शिकविले होते, पण ती पाहिली मात्र कधीच नव्हती. खरे म्हणजे त्यांच्यासाठीच हा बेत आखला गेला.

गेट वे ऑफ इंडियापासून बेट सुमारे दहा किलोमीटर. लाँचला तासभर लागतो. बसताच प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट चढवावयास सांगण्यात आले, तेव्हा सहप्रवाशांत क्षणभर शांतता पसरली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच जलमार्गावर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसे प्राणांस मुकली, याची आठवण सर्वांनाच होती. त्या दिवशी आसपासच्या बोटींवरील माणसांनी अनेकांना पाण्यातून वर ओढून काढले. ओढणाऱ्यांनी कोणाला तिकीट विचारले नव्हते. समुद्रावर माणसामाणसांत पैशापलीकडचा एक करार अजून जिवंत आहे, असे आम्हांला तेव्हा वाटले. किनाऱ्यावर पाय ठेवताच आम्ही तो विसरलो, हीच पुढची हकीकत.

धक्क्यावरून लेण्यांकडे जाणारी पायऱ्यांची वाट चांगलीच चढाची आहे. दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी मूर्ती, कैऱ्या आणि काकड्या विकणाऱ्यांची दुकाने. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते. लाकडी दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि ती खांद्यावर वाहणारे चार पुरुष. गुरुजींचे गुडघे पहिल्या दहा पायऱ्यांतच बोलू लागले. एक डोलीवाला पुढे आला आणि म्हणाला, “बसा हो काका, सावकाश नेतो.” गुरुजी संकोचले. आम्ही मात्र संकोचलो नाही. आम्ही भाव करू लागलो. बाजारात वांगी घ्यावीत तसा चार माणसांच्या खांद्यांचा भाव आम्ही दोनदा पाडून घेतला आणि आपण फसलो नाही, या समाधानात वर चढलो.

लेण्यांचे वर्णन येथे करीत नाही. सुमारे वीस फूट उंचीच्या त्या त्रिमुखी शिवमूर्तीपुढे गुरुजी बराच वेळ हात जोडून उभे राहिले, एवढे सांगितले तरी पुरे. पण तेथेच ऐकलेली एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. धक्क्याजवळचा दगडी हत्ती पाहून त्यांनीच बेटाला एलिफंटा हे नाव दिले. लेण्यांतील एक शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. तेथे तो कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे त्याचा मागमूसही राहिला नाही. परिणामी, ही लेणी कोणी कोरविली याचे निःसंदिग्ध उत्तर आज कोणापाशीच नाही. विद्वानांना तर्कावरच भागवावे लागते. तो हत्तीदेखील १८६४ मध्ये विलायतेला नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात तो फुटला, आणि आज जोडलेल्या स्थितीत तो मुंबईला भायखळ्याच्या उद्यानात उभा आहे.

ज्यांनी हा शिलालेख नेला ते आपल्याच धर्माचे होते, ही गोष्ट आपण लपवू नये. त्यांच्या मनात द्वेष होता की निव्वळ कुतूहल होते, याचा निवाडा आता कोण करणार? पण समजा कुतूहलच होते, तरी परिणाम बदलतो काय? एका पाहणाऱ्याने आठवण म्हणून एक दगड उचलला आणि त्या स्थळाची स्वतःविषयीची आठवणच नाहीशी झाली. आम्हांला या घटनेत चोरीपेक्षाही काही अधिक गंभीर दिसते. जे आपल्याला वाचता येत नाही ते आपल्यासाठी ठेवलेले नसावे, हा विचारच त्या पाहणाऱ्याला शिवला नव्हता. डोळ्यांना दिसले म्हणजे ते आपले झाले, असे त्याने गृहीत धरले होते.

आम्ही शिलालेख उचलला नाही, हे खरे. पण वाटेवर डोक्यावर कळशा घेतलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र आमच्यातील एकाने काढले. तिने पैसे मागितले, तेव्हा “एवढ्याशा फोटोचे कसले पैसे?” असे म्हणून तो पुढे निघाला. ती काही बोलली नाही. तिची मुद्रा मात्र आमच्या यंत्रात बसून चिमूरला आली.

दुपार कलू लागली तशी परतीच्या लाँचची घाई सुरू झाली. पर्यटकांना बेटावर रात्री मुक्काम करू देत नाहीत. शेवटची बोट सुटली की बेट आपल्या माणसांचे होते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांत मिळून हजार-बाराशे माणसे राहतात. १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण समुद्राखालून तार टाकून गावात कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर दिवे लागत आणि नंतर अंधार होई. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असताना ही माणसे सत्तर वर्षे अंधारात होती. पाहणारे मात्र उजेडीच येऊन उजेडीच जात असल्यामुळे त्यांना हा अंधार कधी दिसलाच नाही. एका दिवसाच्या प्रवासाची मर्यादा याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही.

लाँचमध्ये बसल्यावर गुरुजी म्हणाले, “आपल्या कोलाऱ्याला जिप्सी येतात, त्यांच्यासारखेच आलो आपण.” त्या वाक्यासरशी आम्ही गप्प झालो.

ताडोबाच्या जंगलाचे कोलारा प्रवेशद्वार आमच्याच तालुक्यात आहे. घारापुरी सोमवारी बंद असते, ताडोबा मंगळवारी. बाकीचे दिवस पाहणाऱ्यांचे. पहाटे गाड्यांची रांग लागते. माणसे वाघ पाहतात आणि निघून जातात. या वाघासाठी नवेगाव, जामणी यांसारखी गावे आपली शेते, देवळे आणि मसणवटे मागे ठेवून जंगलाबाहेर आली, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते? मोहफुले वेचावयास गेलेली बाई वाघाने नेली की आमच्या घरी सुतक असते; त्याच आठवड्यात त्याच वाघाचे देखणे छायाचित्र दूरच्या शहरात दिवाणखान्याच्या भिंतीवर लागते. या गोष्टीचा आम्हांला राग येतो, आणि तो अन्याय्य आहे असे आम्हांला वाटत नाही. मग घारापुरीच्या पायऱ्यांवर आम्हीच भाव करीत होतो तेव्हा हा राग कोठे गेला होता?

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पाहणारे आले नाहीत तर या माणसांनी खावे काय? डोलीवाल्याला तुमची हळहळ नको, गिऱ्हाईक हवे. कोलाऱ्याच्या मार्गदर्शक तरुणाचेही तेच म्हणणे आहे. हे सर्व खरे आहे. डोलीत बसू नये, असे आम्ही म्हणतच नाही. गुरुजी डोलीत बसले नसते तर त्यांचे दर्शन हुकले असते आणि चार घरांची त्या दिवसाची मिळकतही बुडाली असती. पण पैसा हा श्रमाचा मोबदला आहे, तो माणसाचा मोबदला नव्हे. श्रमाची किंमत चुकती केल्यावरही समोर एक माणूस शिल्लक उरतोच. त्याचे देणे आपण कशाने फेडणार? ते देणे लक्ष देण्याचे आहे, विचारण्याचे आहे, आणि प्रसंगी मागे हटण्याचेही आहे.

मागे हटण्याचे एक उदाहरण अलीकडच्या काळातले आहे. थायलंडमधील फी फी बेटांतील माया बे हा चिमुकला किनारा २००० मधील एका चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला. दिवसाकाठी पाच हजारांवर माणसे बोटींतून तेथे उतरू लागली. नांगरांनी आणि पायांनी प्रवाळाचा चुरा झाला. अखेर जून २०१८ मध्ये सरकारने तो किनारा बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडला, तोही मोजक्या माणसांना, मोजक्या वेळेपुरता, बोटींना मागच्या बाजूने येण्याच्या अटीवर. मधल्या काळात समुद्राने आपली जखम थोडीफार भरून काढली. उथळ पाण्यात लहान शार्क मासे पुन्हा फिरू लागले. माणसे नसताना बेट बरे होते, हे ऐकून पाहणाऱ्याने अंतर्मुख व्हावयास हवे. प्रेमाने पाहिल्यानेही वस्तू झिजते, हे सत्य आपल्याला कोणी शिकवीत नाही.

आतिथ्याविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ बोलले गेले आहे. पण ते बहुधा यजमानाच्या कर्तव्याविषयी असते. परक्याला घरात घ्यावे, तहानलेल्याला पाणी द्यावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाहुण्याच्या कर्तव्याकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठविताना त्यांना पाहुण्याचीच शिस्त सांगितली होती. जे घर स्वीकारील त्यातच राहा, पुढे वाढतील ते खा, या घरातून त्या घरात हिंडत बसू नका. अधिक चांगल्याच्या शोधात घरे बदलणारा माणूस अखेर कोणाचाच पाहुणा राहत नाही, असे आम्ही त्यातून समजतो.

आमच्या चिमूरला बालाजीच्या घोडायात्रेत हजारो लोक येतात. तेही बाहेरचेच असतात, तेही पाहतात. पण ते कोणाच्या ओसरीवर टेकतात, घरच्यांची चौकशी करतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात आणि मधल्या काळात कोणी गेले असेल तर डोळे पुसतात. आणखी एका पाहुण्याची आठवण जुनी माणसे काढीत. १९४२ च्या ऑगस्टमधील उठावानंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. या गावाशी त्यांचे ना गोत होते, ना व्यवहार. परक्या गावाचे दुःख त्यांनी आपल्या देहावर घेतले. प्रत्येक प्रवाशाने असे करावे, ही अपेक्षा हास्यास्पद ठरेल. परंतु पाहणारा आणि पाहुणा यांच्यातील अंतर कोठवर जाऊ शकते, हे त्यावरून कळते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. लाँच सुटण्यापूर्वी तो डोलीवाला धक्क्यावर भेटला होता. “कुठून आलात?” त्याने विचारले. आम्ही चिमूर म्हटले, ताडोबाचे नाव घेतले. त्याचा चेहरा उजळला. “वाघ आहेत ना तिकडे? पोरांना एकदा दाखवायचाय.” “या की,” आम्ही उत्साहाने म्हणालो, “आमच्याकडेच उतरा.” भोंगा झाला, आम्ही चढलो.

बेट दिसेनासे झाल्यावर आमच्या ध्यानात आले की आम्ही त्याला पत्ता दिला नव्हता आणि त्याचे नावही विचारले नव्हते. आमच्या वयस्क सोबत्याला खांद्यावर वाहून नेणाऱ्या माणसाला आम्ही घरी बोलाविले, पण तो येणार नाही याची व्यवस्थाही आम्हीच करून ठेवली. गुरुजी पुन्हा जाण्याचे म्हणतात. लेणी पाहून झाली आहेत. नाव विचारावयाचे राहिले आहे. त्यांचे गुडघे साथ देतील की नाही, सांगवत नाही. न दिल्यास आम्हांला जावे लागेल, आणि या खेपेस भाव करता येणार नाही.