निरर्थक कशास म्हणावें?

अनावश्यक वस्तु काढून टाकावी, या म्हणण्याला सहसा कोणी हरकत घेत नाहीं. वाद उपस्थित होतो तो पुढच्या प्रश्नावर : अमुक वस्तु अनावश्यक आहे हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कशानें प्राप्त होतो? संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोजच्या कामांत पडतो. म्हणून त्यांच्याच व्यवसायांतील एक उदाहरण घेऊन त्याचा विचार करूं.

सन १९८६ मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांनीं लिहिलेला जीडीबी हा डीबगर आजही वापरांत आहे. चालता प्रोग्राम मध्येंच थांबवून त्याच्या पोटांत काय चाललें आहे तें दाखविणें हें त्याचें काम. दोष शोधणाऱ्यानें एखादें नांव विचारलें, कीं त्या नांवाची वस्तु कोणती व ती कोठें आहे, याचा शोध डीबगरला घ्यावा लागतो. सी भाषेपुरतें बोलावयाचें तर तो प्रथम चालू फंक्शनच्या अगदीं आंतल्या कप्प्यांत पाहतो व एकेक कप्पा ओलांडीत बाहेर येतो. तेथें न मिळाल्यास त्या फाइलपुरत्या मर्यादित नांवांत, नंतर सर्व प्रोग्रामला सामाईक असलेल्या नांवांत शोधतो. शेवटीं तो इतर फाइलींच्या खासगी नांवांतही डोकावतो. भाषेच्या नियमानें ही शेवटची पायरी वर्ज्य होय. पण शोधणाऱ्याची सोय पाहून ती ठेविलेली आहे.

अशा यंत्रणेवर अनेक हात वर्षानुवर्षें फिरले, म्हणजे तींत पुनरुक्ति शिरणें अपरिहार्य आहे. एकानें जो कप्पा तपासला, तोच त्यानें बोलाविलेला दुसरा पुनः तपासतो. उत्तर बदलत नाहीं. मग बिघडलें कोठें? बिघडतें तें वाचणाऱ्याचें. जेथें शोध दोनदां लिहिला आहे तेथें त्यास कांहीं हेतु असावा, असें तो प्रामाणिकपणें गृहीत धरतो, आणि नसलेल्या हेतूच्या शोधांत त्याचे तास जातात. निरर्थक ओळ ही मुकी नसते; ती खोटी साक्ष देत असते. त्यांतून डीबगर हें तर दुसऱ्याचे दोष दाखविणारें साधन. त्यानेंच एका नांवाखालीं भलतीच वस्तु दाखविली, तर मनुष्य आपल्या निर्दोष प्रोग्रामावर संशय घेऊं लागतो.

तेव्हां काढून टाका, असें म्हणावेंसें वाटतें. पण येथें आपल्या व्याकरणशास्त्राची एक रीत स्मरणांत आणण्याजोगी आहे. अर्ध्या मात्रेच्या लाघवाचें वैयाकरणांना केवढें अप्रूप! तरीही पाणिनीच्या सूत्रांत एखादें पद व्यर्थ दिसलें, कीं ते तें लगेच खोडीत नाहींत. तें कोणत्या तरी अनुक्त नियमाचें 'ज्ञापक' असेल काय, असें प्रथम विचारतात. भाष्यकार पतंजलि कांहीं सूत्रांचें प्रत्याख्यानही करतो. पण तें त्यांच्या प्रयोजनाची पुरी चर्चा झाल्यावर.

डीबगरमधील शोधालाही असें ज्ञापक असूं शकतें. जीडीबी प्रत्येक फाइलीची सविस्तर माहिती आरंभींच वाचीत नाहीं. गरज पडेल तेव्हां वाचतो. म्हणजे शोध घेणें हें केवळ पाहणें नव्हे. त्यानें यंत्राची स्थिति बदलते. पहिला शोध व्यर्थ वाटला, तरी त्यामुळें वाचली गेलेली माहिती पुढच्या एखाद्या कामाला उपयोगीं पडत असेल. चांचण्या यशस्वी झाल्या एवढ्यानें ही शंका फिटत नाहीं. चांचणींत तेंच असतें, जें पूर्वीं कोणाला तरी सुचलें.

याची किंमत मोठी असूं शकते. सन २००६ मध्यें डेबियन या प्रणालीवाल्यांनीं ओपनएसएसएल या संकेतलेखनाच्या साधनांतील दोन ओळी निष्क्रिय केल्या, कारण तपासणीचें एक उपकरण त्यांविषयीं तक्रार करीत होतें. त्यांतील एक ओळ यदृच्छेची सामग्री गोळा करणारी होती. परिणामीं गुप्त किल्ल्या प्रोसेसच्या क्रमांकावरच अवलंबून राहिल्या, आणि हे क्रमांक फार तर ३२,७६८. दोष उघडकीस आला तो २००८ च्या मे महिन्यांत.

यावरून 'आहे तें असूं द्यावें' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनीं ४ जून १९९६ चा दिवस आठवावा. एरियान-५ हें अग्निबाण त्या दिवशीं उड्डाणानंतर मिनिटभराच्या आंत नष्ट झालें. एरियान-४ मध्यें उपयुक्त असलेलें, पण नव्या बाणाला उड्डाणानंतर अगदींच नको असलेलें एक गणित तसेंच चालूं ठेविलें होतें; त्यांतील एक संख्या नेमून दिलेल्या १६ बिटांत मावली नाहीं. म्हणजे राखणारा निर्दोष आणि काढणारा तेवढा अपराधी, ही वांटणी टिकत नाहीं. दोघेही न विचारतां वागले, तर दोघांचाही दोष एकच.

कोणी म्हणेल, मूळ लेखक निघून गेले, कारणें नोंदलीं नाहींत; प्रत्येक ओळीचा इतिहास कोणी धुंडाळावा? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सर्वत्र सारखा पुरावा मागणें रास्त नाहीं. जेथें शोधानें कांहींच बदलत नाहीं हें तर्कानें सिद्ध होतें, तेथें इतिहासाची गरज नाहीं. ओळ खुशाल काढावी. जेथें स्थिति बदलते, तेथें मात्र 'मला उपयोग दिसत नाहीं' या वाक्याला 'उपयोग नाहीं' या वाक्याची जागा घेऊं देणें अप्रामाणिकपणाचें होय. पहिलें वाक्य आपल्या दृष्टीविषयीं आहे, दुसरें वस्तूविषयीं; आणि या दोहोंतील अंतर ओलांडण्याचे श्रम हाच, आमच्या मतें, काढून टाकण्याचा अधिकार.

ते श्रम ज्यानें केले त्यानें आणखी एवढेंच करावें, कीं बदलासोबत त्याचें कारण चार ओळींत लिहून ठेवावें. काढलेली ओळ पुढच्या वाचकाला दिसणार नाहीं. ती कां काढली हें तरी त्याला दिसलें पाहिजे.