आदर्श नगरीतील दास

संत थॉमस मोर यांनी १५१६ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या 'युटोपिया' या ग्रंथात एका काल्पनिक बेटाचे वर्णन आहे. तेथे खाजगी मालमत्ता नाही. दिवसाला सहा तास काम, सर्वांची एकत्र पंगत, आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल. सोन्याचा मोह जडू नये म्हणून तेथे सोन्याची शौचपात्रे करतात. वाचताना मन प्रसन्न होते. परंतु त्याच सोन्याच्या बेड्या घडवून त्या दासांना घालतात, असे पुढे येते आणि वाचक अडखळतो. समतेच्या बेटावर दास कोठून आले?

मोर काही लपवीत नाहीत. युद्धातील कैदी, घोर अपराध केलेले नागरिक, परदेशातून स्वस्तात आणलेले दंडित गुन्हेगार, आणि आपल्या देशातील दैन्याला कंटाळून आपणहून आलेले गरीब, असे हे दास. भोजनगृहातील कष्टाची व घाणीची कामे त्यांची. गुरे कापणारेही तेच, आणि तेही शहराबाहेर. याचे कारण चिंतनीय आहे. जीव घेण्याची सवय लागली तर नागरिकांच्या अंतःकरणातील दया आटेल, असे बेटावरील लोक मानतात. नागरिकांची दया अशी सुरक्षित राहते. दासाच्या दयेचे काय होत असेल, हा प्रश्न तेथे कोणालाच पडत नाही.

आदर्श समाज का फसतो, याचे उत्तर सहसा मनुष्याच्या स्वार्थात शोधले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. युटोपियाचे नागरिक स्वार्थी नाहीत. आपले नियम ते चोख पाळतात. मात्र त्यांच्या समतेची मोजणी पंगतीला बसलेल्यांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. खरकटी उचलणारा हात त्या मोजणीत येतच नाही. हा सारा ग्रंथ म्हणजे उपहास आहे, असेही काही अभ्यासक म्हणतात. बेटाची हकीकत सांगणाऱ्या प्रवाशाच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'निरर्थक बडबडण्यात पटाईत' असा होतो. असेल. पण मग तो उपहास आपल्यालाही लागू पडतो.

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून आमच्या वेळापुरास मुक्कामाला येते. गावाच्या अलीकडे पंढरीच्या ओढीने वारकरी धावत सुटतात. त्याला 'धावा' म्हणतात. थोर-लहान एकमेकांच्या पाया पडतात, ज्याला त्याला 'माउली' म्हणून हाक मारतात. मोर यांना जे कल्पावे लागले ते येथे दरवर्षी काही दिवस साक्षात पायी चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तरीही एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत, हे इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात नोंदवून ठेवले आहे. चोखोबांची समाधी मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या समाजाला मंदिराचे दार उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

दार उघडले, तरी मोजणी पूर्ण झाली नाही. लाखोंचा मेळा पंढरपुरात जमतो, तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटातील आणि गल्लीबोळांतील मैला कोणीतरी उचलावा लागतो. वर्षानुवर्षे तो झाडू आणि पाटी घेऊन सफाई कामगारांनी हातांनी उचलला. त्याच गर्दीत त्यांनाही कोणी 'माउली' म्हटले असेल. पाटी मात्र त्यांच्याच हाती राहिली. अशा कामाला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, अधिक कडक असा दुसरा २०१३ मध्ये झाला, आणि पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. गेल्या दशकात पालखीतळांवर फिरती शौचालये उभी राहू लागली. ही सुधारणा खरी आहे, आणि तिचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे.

हे लिहिताना आम्ही ख्रिस्ती म्हणून पंक्तीबाहेर उभे राहू शकत नाही. एकाच वेदीवरून पवित्र भाकर घेणाऱ्या गोव्यातील काही गावांत कोंफ्रारियांचे सभासदत्व जातीवरून ठरे, आणि कोणी कोणत्या रंगाचा झगा घालावा हेही. खुद्द मोर यांनी आपल्या बेटावर अनेक धर्मांना जागा दिली; इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर असताना मात्र पाखंडी ठरविलेल्यांना जाळण्याचे त्यांनी समर्थन केले. पुढे १५३५ साली त्यांनी सदसद्विवेकासाठी स्वतःचे शिर दिले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

एका बाबतीत मात्र ते बेट आपल्यापुढे आहे. तेथे दासाचे मूल जन्मतः दास नसते, असे मोर स्पष्ट लिहितात. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला सफाईची नोकरी मिळते. ही सवलत काढून घेऊ नये म्हणून कामगार स्वतःच भांडतात, कारण त्यांच्या मुलांसाठी दुसरी कोणती नोकरी कोणी राखून ठेवलेली नाही.