थकव्याची सबब

गेल्या आषाढातल्या एका संध्याकाळी मी माझ्या आईवर ओरडलो. गोष्ट एवढीच आहे. दिवाळीच्या अंकात, फराळाची बशी शेजारी ठेवून वाचावयाच्या पानांत ती सांगण्याजोगी नाही हे मलाही कळते. परंतु त्या एका ओरडण्याने मला गेले तीन महिने विचार करायला लावले आहे; आणि माझा असा अंदाज आहे की, वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हीच गोष्ट निराळ्या पात्रांनिशी घडून गेली असेल. म्हणून लिहितो.

दिवस मोठा त्रासाचा गेला होता. शाळेत दोन शिक्षक रजेवर, त्यामुळे तिसरी आणि चौथी असे दोन्ही वर्ग माझ्याकडे. कौलातून पाणी गळत होते. दुपारी वरच्या कचेरीतून फोन आला की, मुलांची जी माहिती गेल्या आठवड्यात पाठवली तीच आता नव्या तक्त्यात भरून संध्याकाळपर्यंत फोनवरून धाडावी. भरावयास बसलो तर पडद्यावर ते गोल चक्र फिरायचे थांबेना. ओटीपी यायचा तो त्याची मुदत संपल्यावर. दोन तास मी त्या चक्राकडे पाहत होतो. एवढा वेळ मी कधी देवासमोरही बसलेलो नाही.

घरी आलो तेव्हा आई टीव्हीपुढे बसली होती आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी होती. सत्तरी ओलांडलेली बाई. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात ही तिची हक्काची वेळ. एरवी ती आमच्याकडे काही मागत नाही. "अरे, हे काय झालंय बघ की," ती म्हणाली. मी रिमोट घेतला. आता टीव्हीचा रिमोट वेगळा आणि त्याखालच्या डब्याचा वेगळा, आणि दोन्ही काळे. मी दोन्ही दाबून पाहिले. सेल काढले, पँटीला पुसले, उलटसुलट करून घातले. रिचार्ज संपला की काय म्हणून फोन उघडला, तर तिथे पुन्हा ते चक्र. डब्यामागची वायर काढून बसवली. आणि हे सर्व चालले असताना आईने तिसऱ्यांदा विचारले, "पावसानं गेलंय का रे?"

"तुला काय कळतं गं त्यातलं? जरा गप्प बसशील का?" मी ओरडलो. केवढ्याने, ते मला स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली त्यावरून समजले.

ते पावसानेच गेले होते. छपरावरच्या त्या छत्रीत ज्या लहरी येतात त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून त्या निर्वेधपणे येतात आणि अगदी शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत, जिथे पाऊस असतो तिथे, थेंब त्यांना शोषून घेतात, विखरून टाकतात. हे मी नंतर वाचून काढले. आईने ते वाचलेले नव्हते. तिने फक्त खिडकीतून बाहेर पाहिले होते.

त्या रात्री दोन वाक्ये बोलली गेली. जेवताना बायकोने माझ्याकडे नुसते पाहिले तेव्हा मी म्हणालो, "दमलोय गं मी." आणि आतल्या खोलीत माझी मुलगी आजीला विचारत होती की बाबा का ओरडले, तेव्हा आई म्हणाली, "दमून आलाय तो." शब्द जवळजवळ तेच. पण माझ्या तोंडचे ऐकून मला हायसे वाटले आणि तिच्या तोंडचे ऐकून शरम वाटली. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा मला वाटले, मी खरोखर दमलो होतो, मग त्यात खोटे ते काय? दमलेल्या माणसाचा ताबा सुटतो. हे काही पाप नव्हे, शरीरधर्म आहे. हे समाधान दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी मला आठवले की, त्याच दुपारी, दोन तास चक्र पाहून झाल्यावर, त्याच कचेरीतून पुन्हा फोन आला होता आणि मी म्हणालो होतो, "हो साहेब, पाठवतो साहेब. नाही, नाही, त्रास कसला?" तेव्हा मी कमी दमलेलो होतो काय? मुळीच नाही. म्हणजे माझा ताबा सुटला नव्हता. तो जिथे ठेवायला हवा होता तिथे मी नीट ठेवला होता, आणि जिथे सोडला तरी काही बिघडणार नाही अशी खात्री होती तिथे सोडला होता. माझ्या थकव्याला साहेब कोण आणि आई कोण हे बरोबर कळत होते.

एकदा ही गोष्ट ध्यानात आली की मोठी पंचाईत होते. मग सबब म्हणून थकवा फारसा कामाचा राहत नाही.

पण आपण एवढे दमतो तरी कशाने? घरात यंत्रे आली ती श्रम वाचवण्यासाठी. १९२४ साली एका तरुणाने गांधीजींना विचारले होते की, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. बायकोला हाताने टाके घालताना पाहून, केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र काढले, असे त्यांचे म्हणणे. (सिंगर महाशयांचे खरे चरित्र पाहिले तर त्यांचे प्रेम एका पत्नीत मावण्यासारखे नव्हते, आणि यंत्रात त्यांना रस होता तो मुख्यतः पैशासाठी. पण महात्म्यांना अशा चुका शोभतात.) दमलेल्या माणसाची कणव यावी आणि त्यातून यंत्र जन्माला यावे, हे चित्र खोटे असले तरी सुंदर आहे. आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्राकडे आपण त्याच आशेने पाहतो.

प्रत्यक्षात काय झाले ते रूथ श्वार्ट्झ कोवन नावाच्या अमेरिकन विदुषीने १९८३ साली एका ग्रंथात दाखवून दिले. घरकामाची यंत्रे आली तरी गृहिणीचे तास कमी झाले नाहीत. कपडे धुणे सोपे झाले तसे कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. आमच्या घरी धुण्याचे यंत्र आल्यापासून मुलीचा फ्रॉक एका संध्याकाळपुरता उरला आहे. ते असो.

मला वाटते, फरक पडला तो थकव्याच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या जातीत. माझ्या लहानपणी आई पहाटे जात्यावर बसे. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नव्हे; तिचा उजवा खांदा अजून वर जात नाही, आणि जात्यावरच्या ओव्यांत रस असणाऱ्यांनी तो खांदाही एकदा पाहावा. पण तो थकवा दिसत असे. कपाळावर घाम असे, पदर खोचलेला असे, हात पिठाने पांढरे असत. 'मी दमले' असे तिला सांगावे लागत नसे. आणि ते कुणी पाहिले नाही तर ओवीत घालण्याची सोय होती. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. त्यांत देवाइतकीच दुखणी आहेत.

माझा थकवा दिसत नाही. मी दिवसभर बसलेला असतो. कपाळ कोरडे असते, कपड्यांची इस्त्री मोडलेली नसते. वाट पाहून, परवानगी मागून, पुन्हा पुन्हा तेच बटण दाबून आलेला हा थकवा. त्याची खूण अंगावर कुठे उमटत नाही. म्हणून तो तोंडाने जाहीर करावा लागतो. संध्याकाळी आमच्या घरात येणारा प्रत्येक जण दारातच 'दमलो बाई' अशी वर्दी देतो. जो आधी देईल त्याला चहा. आई मात्र कधी देत नाही. ती दमत नसावी असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

आणि इतका दमलेला मी त्या रात्री झोपलो काय? साडेअकरापर्यंत फोनवर बातम्या पाहत होतो. सहा चौकटींत सहा माणसे एकाच वेळी बोलत होती आणि सातवा त्यांना अधिक मोठ्याने बोलावयास सांगत होता. मी लहान असताना पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सकाळी दहा मिनिटांत संपत; वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.ने येई, त्याला शेवटचे पान असे. २००७ साली मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या सुरू झाल्या आणि शेवटचे पान गेले. फोनवर तर बोट सरकवीत राहावे, खालून नवे येतच राहते. ही युक्ती २००६ साली अझा रास्किन या तरुणाने काढली आणि पुढे आपल्या हातून हे काय झाले म्हणून त्याने जाहीरपणे खंतही व्यक्त केली. त्या रात्री मी कुठल्या कुठल्या माणसांवर संतापलो, कुणाकुणासाठी हळहळलो! सगळे शेकडो मैल दूरचे. आतल्या खोलीत दहा पावलांवर आई जागी होती. मला तिच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता. तिच्यासाठी हळहळ शिल्लक राहिली नव्हती असे मी म्हटले असते, पण साहेबांचा दाखला आठवल्यापासून असली वाक्ये लिहिताना माझा हात अडखळतो.

परीक्षित राजाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मृगयेला गेलेला राजा घायाळ हरणाच्या मागे रानात हिंडून दमला, भुकेला-तहानेला झाला. वाटेत शमीक ऋषी बसलेले दिसले. त्यांना त्याने विचारले, हरीण कुठे गेले? ऋषींचे मौन होते. ते काही बोलले नाहीत. राजाला राग आला आणि त्याने धनुष्याच्या टोकाने एक मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकला. पुढे ऋषींच्या मुलाने, शृंगीने, शाप दिला की सातव्या दिवशी तक्षक दंश करील.

शाळेत ही गोष्ट सांगताना मी तक्षकावर भर देई. मुलांना साप आवडतो. या वर्षी सांगताना मी पहिल्यांदाच अडलो. विचारलेल्याला उत्तर न मिळणे, आणि तेही अंग मोडून गेलेले असताना, म्हणजे काय ते मला त्या चक्राने शिकवले होते. साप कुणाच्या गळ्यात पडला तेही मला ठाऊक होते.

पण गोष्टीतली खरी जागा पुढे आहे. शाप दिल्याचे कळल्यावर शमीक मुलाला रागावतात. तो राजा थकलेला होता, भुकेला होता, माझे मौन त्याला माहीत नव्हते. तू हे बरे केले नाहीस, असे म्हणतात आणि राजाला सावध करायला शिष्य पाठवतात. ज्याच्या गळ्यात साप पडला तोच थकव्याची बाजू मांडतो! राजा मात्र ती मांडत नाही. महाभारत म्हणते की, मरणापेक्षाही आपल्या हातून जे घडले त्याचे दुःख त्याला अधिक झाले. जीव वाचवण्याची तजवीज त्याने केली, माणूसच होता. पण 'मी दमलो होतो' असे तो म्हणाल्याचे मला कुठे आढळले नाही.

आईचे वाक्य आणि माझे वाक्य यांतला फरक मला इथे सापडला. ती सबब माझ्यासाठी तिने सांगायची होती. मी ती आधीच वापरून टाकली होती.

यावर कुणी म्हणेल, मग दमलेल्याने बोलायचेच नाही काय? तसे नव्हे. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे त्यांचा थकवा मालकांपुढे बोलून दाखवला म्हणून. मोटार चालवणाऱ्या कामगारांचे दिवसाचे तास आठ असावेत असे १९६१ च्या कायद्याने सांगितले होते; दमलेल्या हातात चाक देऊ नये एवढे सरकारलाही कळते. तिथे थकवा आधी सांगितलेला आहे, आणि ज्याच्या हातात काही आहे त्याला सांगितलेला आहे. मी तो नंतर सांगितला आणि खाली सांगितला. साहेबांना सांगण्याची छाती नव्हती.

ती अजूनही झालेली नाही, हेही लिहून टाकतो.

त्या दिवसापासून आईने टीव्ही लावला नाही. मुलीने लावून दिला तर "नको, डोळे दुखतात," म्हणाली. साडेसहाला ती त्याच खुर्चीत बसे, हात मांडीवर ठेवून, काळ्या पडद्यासमोर. आमच्याकडे मुलाने आईची क्षमा मागण्याची रीत नाही. मी नवे सेल आणले. रिमोट ओळखू यावेत म्हणून एकाला पांढरी पट्टी चिकटवली. तिने पट्टी पाहिली, काही बोलली नाही. असे आठ-दहा दिवस गेले.

श्रावणात एका संध्याकाळी शाळेतून आलो आणि उंबऱ्यातच म्हणालो, "आई, आज फार दमलोय. अर्धा तास मला काही विचारू नकोस."

ती हसली. "बरं. असं आधी सांगावं."

मी हातपाय धुऊन तिच्याजवळ येऊन बसलो. पट्टीचा रिमोट उचलून मीच टीव्ही लावला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मीही दमलेय."

"कशानं गं?"

तिने जरा विचार केला. "बसून," ती म्हणाली.

मग ती बोलत राहिली. दुपारचे चार तास कसे जात नाहीत, खांदा कोणत्या कुशीवर दुखतो, शेजारच्या काकू गेल्यापासून हाक मारायला कुणी नाही. मध्येच पाऊस वाढला आणि पडद्यावर ती पाटी आली. माझा हात रिमोटकडे गेला. "राहू दे रे," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.